मंत्र्यांचं संसदेतलं उत्तर कसं वाचावं : भूतानचे कोटी आणि माझे साडेअठरा हजार

"मॅडम, भूतानले दहा हजार कोटी देऊन रायले म्हणते. अन् आपल्या धानाचा चुकारा तीन महिन्यापासून अटकून हाय. हे खरं हाय का जी?"

वाचनालयाच्या ओट्यावर काकाजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, नागरिकशास्त्रातला 'प्रश्नोत्तराचा तास' हा धडा दर वर्षी फळ्यावर लिहिला, पण त्या तासाला मंत्र्यांनी दिलेलं एक उत्तरसुद्धा मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी काकाजींना म्हटलं, तीन दिवस द्या. तीन संध्याकाळी लागल्या. आज तेच काम पंधरा मिनिटांत होतं. ते कसं करायचं ते इथे लिहिते आहे. आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यातलं, नेट कधी असतं कधी नसतं, तरी जमतं. तुम्हालाही जमेल.

दोन खाती घेते : परदेशाला दिली जाणारी मदत, म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, आणि देशातली गुन्हेगारी, म्हणजे गृह मंत्रालय. पहिलं काकाजींमुळे. दुसरं माझ्या स्वतःमुळे, ते पुढे येईलच.

आधी मंत्री कोण ते पक्कं करा

प्रत्येक मोठ्या खात्याला एक कॅबिनेट मंत्री असतो आणि त्याच्या हाताखाली एक-दोन राज्यमंत्री. लेखी उत्तरांवर बहुतेक वेळा राज्यमंत्र्यांचं नाव असतं. आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर जुलै २०१६ ते मे २०१९ या काळात केंद्रात गृहराज्यमंत्री होते. त्या वर्षांतली गृह मंत्रालयाची उत्तरं उघडली की डोक्यावर 'गृह मंत्रालय में राज्य मंत्री (श्री हंसराज गंगाराम अहीर)' असं वाचायला मिळतं. खात्याचे कॅबिनेट मंत्री तेव्हा राजनाथ सिंह होते.

इथे पहिली चूक होते आणि ती मीही केली. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न शोधायच्या पानात 'सदस्य' असा एक रकाना आहे. त्यात मंत्र्याचं नाव टाकलं की काहीच सापडत नाही. कारण तो रकाना प्रश्न विचारणाऱ्याचा आहे, उत्तर देणाऱ्याचा नाही. आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत 'या मंत्र्यानं पाच वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही' असा मजकूर फिरतो ना, तो आकडा खरा असतो आणि त्याचा अर्थ खोटा असतो. हजेरीचंही तसंच. मंत्री सभागृहाच्या हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची टक्केवारी निघतच नाही. मंत्र्यांचं काम जोखायचं असेल तर खातं आणि तारीख धरून शोधायचं.

उत्तर शोधायचं कुठे

मोबाईलवर 'संसद डॉट इन' उघडा. लोकसभा निवडा, मग प्रश्नांचं पान. तिथे लोकसभेचा क्रमांक (आता अठरावी चालू आहे), अधिवेशन, मंत्रालय आणि तारीख एवढं भरलं की यादी येते. राज्यसभेसाठी तीच कृती दुसऱ्या बाजूला.

वार लक्षात ठेवा, वेळ वाचतो. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. अलीकडच्या वर्षांत लोकसभेत गृह मंत्रालयाची उत्तरं मंगळवारी आणि परराष्ट्र मंत्रालयाची शुक्रवारी येतात. राज्यसभेत गृह बुधवारी, परराष्ट्र गुरुवारी. आमच्याकडे पारशिवनीचा बाजार जसा वारानं ओळखतात, तसंच हे. अधिवेशन चालू असेल तेव्हा मंगळवारी संध्याकाळी गृह मंत्रालयाची नवी उत्तरं बघायची मला आता सवयच लागली आहे.

प्रत्येक उत्तराच्या दोन प्रती असतात, इंग्रजी आणि हिंदी. हिंदी घ्या. आपल्या गावात दहावी झालेल्या कोणालाही ती वाचता येते. भाषा सरकारी आहे, पण वाक्यं ठरलेली आहेत. चार उत्तरं वाचली की सरावाची होतात.

कागद पुढ्यात आला, आता काय बघायचं

वर लिहिलेलं असतं 'तारांकित' किंवा 'अतारांकित'. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, त्यावर खासदार उपप्रश्न विचारू शकतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात आणि २३० अतारांकित, ज्यांचं उत्तर फक्त लेखी येतं. तासाभरात वीसचे वीस तोंडी होत नाहीत, राहिलेल्यांची उत्तरं लेखीच मानली जातात. तारांकित असेल तर त्या दिवसाचं वादविवादाचं इतिवृत्तही काढा. खरी चुरस उपप्रश्नांत असते. तिथे लिहून आणलेलं वाचून भागत नाही.

त्याखाली तारीख. एका कागदावर आमच्या वाचनालयातल्या नववीच्या पोरीनं बोट ठेवलं, "मॅडम, आषाढ ३१ लिहिलं आहे. आषाढाला एकतीस दिवस असतात?" प्रश्न रास्त होता, आपल्या पंचांगात एकतिसावी तिथीच नसते. पण गृह मंत्रालयाच्या कागदावर भारतीय राष्ट्रीय सौर दिनांक असतो. ही दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारनं स्वीकारली. ती सूर्यावर चालते आणि तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे महिने एकतीस दिवसांचे असतात. आषाढ ३१, १९४७ म्हणजे २२ जुलै २०२५. त्या पोरीनं हे वहीत उतरवून घेतलं. मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण कागद वाचताना बोट असं थांबायला पाहिजे.

मग येतो प्रश्न : 'क्या गृह मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि'. आणि त्याखाली (क), (ख), (ग), (घ). इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. उत्तराकडे धावू नका. मंत्र्यांचं उत्तर प्रश्नाच्या मापानं शिवलेलं असतं. प्रश्नात 'गुन्हे' असेल तर गुन्ह्यांचा आकडा येणार, 'तक्रारी' असेल तर तक्रारींचा. प्रश्नात 'जिल्हावार' हा शब्द नसेल तर जिल्हा येणार नाही.

उत्तर वाचताना मी चार ठिकाणी पेन्सिल चालवते. '(क) से (घ)' असं एकत्र उत्तर असेल तर वही घेऊन चारही उपप्रश्न सुटे लिहिते आणि एकेकापुढे त्याचं उत्तर कुठे सापडतं ते मांडते. पुष्कळदा एक उपप्रश्न तसाच कोरा राहतो. 'प्रश्न नहीं उठता' असेल तर आधीच्या भागाला 'नाही' म्हटलं आहे का ते बघते. 'सूचना एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी' हे वाक्य आलं तर ते आश्वासन ठरतं. त्यासाठी संसदेची शासकीय आश्वासनांची समिती आहे आणि मंत्रालयानं साधारण तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं असतं, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि शेवटचं, 'अनुबंध'. खरे आकडे मागच्या पानांवरच्या तक्त्यात असतात. पहिलं पान वाचून कागद मिटू नका.

परदेशी मदतीचा आकडा : काकाजींचा प्रश्न

आता भूतान. मार्च २०२४ मध्ये भारतानं भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, ही गोष्ट खरी आहे. पण ती पाच वर्षांची आहे, २०२४ ते २०२९. फिरणाऱ्या मजकुरातून 'पाच वर्षं' हे दोन शब्द गळाले होते. आता पडताळा बघा. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,०६८ कोटी ५६ लाखांची तरतूद होती. १०,००० ला पाचानं भागलं की २,०००. आकडा जुळला. असा ताळा करून बघायची सवय लावून घ्या. घोषणा एकीकडे आणि अर्थसंकल्प दुसरीकडे, दोन्ही जुळले की मगच बोलायचं.

मग काकाजींना समजेल असं मी ते रुपयात बसवलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च ४८ लाख २० हजार कोटींच्या घरात धरला होता. समजा तो शंभर रुपये. त्यातले संपूर्ण परराष्ट्र मंत्रालयाचे, म्हणजे जगभरचे दूतावास, पगार, पासपोर्ट आणि सगळी मदत धरून, साधारण ४६ पैसे (२२,१५५ कोटी). त्यातले भूतानचे सव्वाचार पैसे. नेपाळचे ७०० कोटी, म्हणजे दीड पैशाच्या आसपास. मालदीवचे ४०० कोटी, पैशाहूनही कमी. काकाजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते.

सव्वाचार पैसे आहेत म्हणून प्रश्न विचारू नये असं मी मुळीच म्हणत नाही. दोन हजार कोटी हे दोन हजार कोटीच आहेत. पण विचारताना शब्द नेमका हवा, आणि इथे तीन शब्दांची गल्लत होते. 'अनुदान' म्हणजे परत न येणारा पैसा. 'ऋण' म्हणजे सरकारनं दिलेलं कर्ज, व्याजासह परत येणारं. भूतानच्या तरतुदीत हे दोन्ही असतं. तिसरा शब्द 'ऋण व्यवस्था', इंग्रजीत तिला लाईन ऑफ क्रेडिट म्हणतात. ही रक्कम बहुधा एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे आयात-निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेमार्फत दिली जाते, त्या देशानं तिच्यातून मोठा भाग भारतातलाच माल आणि सेवा घ्यायची असते आणि हप्त्यानं फेडायची असते. आपल्याकडे सोसायटीतून पीककर्जाबरोबर खताच्या पिशव्या मिळायच्या ना, बराचसा तसाच प्रकार. मंत्र्यांच्या उत्तरात अनुदान आणि ऋण व्यवस्था यांचे तक्ते वेगळे असतात. मजकूर फिरवणारे दोघांची बेरीज करून 'वाटले' म्हणतात.

भूतानचा पैसा जातो कुठे तेही पाहिलं. तिथला चुखा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॉटचा, भारतानं ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभा केला. ती वीज मोठ्या प्रमाणात भारतच विकत घेत आला. पेंचच्या तोतलाडोहला आपण वीज होताना बघितली आहे, त्यामुळे हे आमच्या ओट्यावर समजावायला वेळ लागला नाही.

अजून दोन खाचखळगे. परराष्ट्र मंत्रालयाचे पुष्कळ आकडे डॉलरमध्ये आणि मिलियन-बिलियनमध्ये असतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. मग त्या दिवसाच्या डॉलरच्या भावानं गुणा. दुसरं, अर्थसंकल्पात एकाच गोष्टीचे तीन आकडे असतात : अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष आकडा दोन वर्षांनी येतो, आणि तोच विचारण्यासारखा असतो.

एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जाते. परदेशातून भारतातल्या संस्थांना येणारा पैसा हा परराष्ट्र मंत्रालयाचा विषय नाही, तो गृह मंत्रालयाचा आहे. त्याचा कायदा २०१० चा, विदेशी अंशदान विनियमन कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं काढावं लागतं. आमच्या भागात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबद्दल प्रश्न असेल तर उत्तर मंगळवारच्या गठ्ठ्यात शोधा, शुक्रवारच्या नाही.

गुन्ह्यांचा आकडा : माझा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी सात वाजता मला संदेश आला. वीजबिलाची नोंद झाली नाही, रात्री साडेनऊला जोडणी तोडली जाईल, या नंबरवर बोला. घरात सासूबाई ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. मी बोलले. त्यानं सांगितलं ते ॲप घेतलं, दहा रुपये भरले. वीस मिनिटांत दोन वेळा मिळून १८,५०० रुपये गेले. सकाळी भाच्यानं सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा फोन क्रमांक लावून दिला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. मग एका पोलीस ठाण्यात गेले. तिथे माझा साधा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि जा म्हणाले. गुन्हा नोंदवला नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की त्यानंतर मी मंत्र्यांची उत्तरं काढली तेव्हा त्यात मी स्वतःला शोधत होते. आणि सापडले नाही.

गुन्ह्यांविषयीच्या जवळपास प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे : संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार 'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे राज्याचे विषय आहेत. ते वाक्य टाळाटाळ म्हणून सोडून देऊ नका. ते तुम्हाला पुढची दिशा सांगतं. ठाण्यात गुन्हा का नोंदवला नाही, हा प्रश्न दिल्लीला विचारून उपयोग नाही. तो मुंबईला किंवा नागपूरला विचारायचा.

त्यानंतर आकडा येतो तो राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राचा. ही संस्था १९८६ ची. राज्यांच्या पोलिसांकडून आकडे घेऊन ती देशाचा वार्षिक अहवाल काढते. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अहवाल उशिरा येतो, २०२२ चा डिसेंबर २०२३ मध्ये आला. म्हणून उत्तरातलं 'नवीनतम उपलब्ध' हे वर्ष चालू वर्ष नसतं. दोन, एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजताना सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा धरतात. तीन, नुसती संख्या बघू नका, लाख लोकसंख्येमागचा दर बघा. नाहीतर मोठं राज्य नेहमीच वाईट दिसतं आणि छोटं राज्य नेहमीच साधं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : हे केंद्र नोंदवलेले गुन्हे मोजतं. २०२३ मध्ये देशात सायबर गुन्हे नोंदले गेले ८६,४२०. त्याच वर्षी सायबर तक्रारींच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारी आल्या १५ लाखांहून जास्त. शंभर तक्रारींमागे सहासुद्धा गुन्हे नाहीत. एका गुन्ह्यात अनेक तक्रारी एकत्र केल्या जातात, काही तक्रारी टिकत नाहीत, हे धरलं तरी अंतर केवढं आहे. दोन्ही आकडे सरकारचेच, दोन्ही सभागृहात ठेवलेले, दोन्ही खरे. खासदारानं 'किती गुन्हे' विचारलं तर पहिला येतो, 'किती तक्रारी' विचारलं तर दुसरा. माझी शिक्का मारलेली पोच पहिल्या आकड्यात नाही.

आता २२ जुलै २०२५ चं उत्तर, तेच आषाढ ३१ चं. गृहराज्यमंत्री बंडी संजय कुमार यांनी लोकसभेत सांगितलं की २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. त्याआधीच्या वर्षी ७,४६५ कोटी होते. मंत्र्यांनी हे लपवलं नाही, आकडा सरळ दिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण संसदेत नुसता गोंधळ असतो असं आपण म्हणतो आणि तिथे ठेवलेला कागद वाचत नाही. २२,८४५ कोटी हा आकडा त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या २२,१५५ कोटींशेजारी मी वहीत लिहिला. ज्या वर्षी भूतान, नेपाळ, मालदीव सगळे धरून त्या खात्यासाठी मूळ अर्थसंकल्पात जेवढी तरतूद केली होती, त्याहून जास्त लोकांच्या खात्यांतून चोरीला गेले. काकाजींना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "मंग हे काहून कोणी फिरवत नाही?"

अशा उत्तरांमध्ये पुढे लिहिलेलं असतं, की १९३० च्या व्यवस्थेनं एवढ्या कोटींची रक्कम 'बचाई गई'. या शब्दावर थांबा. माझ्या १८,५०० पैकी ६,२०० रुपये दुसऱ्या दिवशी एका खात्यात अडवले गेले, तसा संदेशही आला. सरकारच्या हिशेबात ते तेव्हाच वाचले. माझ्या खात्यात ते आठ महिन्यांनी आले, न्यायालयात अर्ज देऊन, आदेश घेऊन, बँकेत चार फेऱ्या मारून. उरलेले १२,३०० आलेच नाहीत. 'अडवलेली रक्कम' आणि 'परत मिळालेली रक्कम' हे दोन वेगळे रकाने आहेत. उत्तरात एकच असेल तर दुसरा कोणीतरी विचारायला पाहिजे.

आपला प्रश्न खासदारापर्यंत कसा पोचवायचा

तो कोणीतरी आपण होऊ शकतो. प्रश्न खासदाराच्या नावानंच लागतो, पण खासदाराला प्रश्न सुचवायला कोणाची बंदी नाही. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र पाठवून उपयोग नाही. अधिवेशनं साधारण तीन : फेब्रुवारीत अर्थसंकल्पाचं, जुलैत पावसाळी, नोव्हेंबर-डिसेंबरात हिवाळी. त्याच्या महिनाभर आधी पत्र द्या. प्रश्न साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात मत नको, आरोप नको, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण नको, राज्याच्या अखत्यारीतला विषय नको.

माझा पहिला कच्चा प्रश्न असा होता : 'सायबर गुन्हे खूप वाढले आहेत हे खरे आहे का आणि सरकार काय करत आहे?' त्याचं उत्तर दोन पानं येईल आणि हाती काही लागणार नाही. भाच्याबरोबर बसून तो असा केला : 'मागील तीन वर्षांत महाराष्ट्रातून १९३० वर आलेल्या आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींची वर्षनिहाय संख्या, त्यापैकी किती तक्रारींवर एफआयआर नोंदला गेला, बँक खात्यांत अडवलेली रक्कम, प्रत्यक्ष तक्रारदाराच्या खात्यात परत जमा झालेली रक्कम, आणि परत मिळण्यास लागलेला सरासरी कालावधी.' पाच रकाने, एकही विशेषण नाही. सोबत माझ्या तक्रारीचा कागद जोडला. खासदार दुसऱ्या पक्षाचे असले तरी द्या. राज्यसभेच्या सदस्यांनाही देता येतं.

राज्याचा विषय असेल तर आमदार. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी आहे, आणि आपल्याला ते एसटीच्या अंतरावर आहे. तिथेही तारांकित प्रश्न आहे आणि लक्षवेधी सूचना आहे. ठाण्यात अर्ज घेतला आणि गुन्हा नोंदवला नाही, असे जिल्ह्यात किती, हे तिथे विचारायचं. नाहीच कोणी विचारलं तर जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे माहितीचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही तिकीट नको.

जुनं काही शोधायचं असेल तर

रामटेकच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मतदारसंघानं १९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांना निवडून दिलं. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबर ते देशाचे गृहमंत्री होते. पुढे जून १९८८ ते डिसेंबर १९८९ परराष्ट्रमंत्री होते, तेव्हा ते रामटेकचे खासदार होते. गुन्हेगारी आणि परदेश ही दोन्ही खाती सांभाळलेला माणूस आपल्या मतांवर दिल्लीत बसला होता. ते मराठी चांगलं बोलतात, असं माझे वडील अभिमानानं सांगायचे.

त्या काळचे कागद 'संसद डॉट इन'च्या साध्या शोधात येत नाहीत. त्यासाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे, 'ई-पार्लिब डॉट संसद डॉट इन'. तिथे पहिल्या लोकसभेपासूनचे वादविवाद आहेत. टंकलेखनाच्या पानांचे फोटो असल्यामुळे शब्द टाकून नेहमी सापडत नाही, तारीख धरून जा. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला आणि भारतानं सैन्य पाठवलं. २३ मार्च १९८९ ला नेपाळबरोबरचे व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले. या दोन तारखांनंतरची परराष्ट्र मंत्रालयाची उत्तरं काढून बघा. फाईल जड असते. मी रात्री अकरानंतर, नेट मोकळं असतं तेव्हा उतरवून घेते आणि तारीख-सभागृह-खातं या क्रमानं नाव देऊन ठेवते.

काकाजींचा चुकाऱ्याचा प्रश्न अजून बाकी होता. तो ना भूतानचा होता ना दिल्लीच्या गृह खात्याचा. खरेदी केंद्रावर धान दिल्याची पावती, तारीख, क्विंटल, सगळं त्यांच्या पिशवीत होतं. ओट्यावर बसून आम्ही तो नागपूरच्या अधिवेशनासाठी आमदारांच्या नावानं लिहिला. तालुक्यातल्या किती शेतकऱ्यांचे चुकारे किती दिवसांपासून थकले आहेत, किती रकमेचे, आणि उशीर कोणत्या टप्प्यावर झाला. काकाजींनी तो दोनदा वाचला, 'किती दिवसांपासून' या शब्दांखाली स्वतः रेघ ओढली आणि खाली सही केली.